बिजागऱ्यांच्या कंपनीची तपासणी

गुणोत्तर ही चीज जावईबापूंना वयाच्या बावन्नाव्या वर्षी भेटली. शाळेत एकदा भेट झाली होती म्हणतात, पण तेव्हा दोघांनीही एकमेकांकडे नीट पाहिलं नव्हतं. आता वाचनालयाच्या सभागृहात 'कंपनीचा ताळेबंद वाचायला शिका' असा तीन शनिवारांचा वर्ग लागला. बायको म्हणाली, "घरात बसून पंख्याकडे बघण्यापेक्षा जा," आणि जावईबापू गेले. पहिल्याच शनिवारी सरांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले, एकाला दुसऱ्याने भागलं आणि शांतपणे सांगितलं, "ही कंपनी दोन वर्षांत बुडणार." कंपनी कुठली, कोणाची, तिथे माणसं किती, काही बघितलं नाही. नुसता भागाकार केला. मग सरांनी पुढचं पान दाखवलं, आणि कंपनी खरोखरच बुडालेली होती. जावईबापूंच्या अंगावर सर्रकन काटा आला.

हा गृहस्थ पाणीपुरवठा खात्यात जुने नकाशे सांभाळायचा. तिथे नकाशा आत यायचा, पण बाहेर गेल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. अशा माणसाला 'साठा उलाढाल गुणोत्तर' ऐकून भोवळ यायची तेवढी राहिली. प्रकार तसा सोपा होता. वर्षभरात विकलेल्या मालाची खरेदीची किंमत घ्यायची आणि तिला दुकानात सरासरी पडून असलेल्या मालाच्या किमतीने भागायचं. उत्तर सहा आलं, तर माल वर्षातून सहा वेळा आला आणि गेला. उत्तर एकच्या खाली गेलं, तर माल मुक्कामाला आलाय असं समजायचं. दुसऱ्या शनिवारी सरांनी नफ्याची गुणोत्तरं शिकवली. त्या रात्रीच्या जेवणाला जावईबापूंनी घरातल्या साबणाची उलाढाल काढली आणि ती समाधानकारक असल्याचं जाहीर केलं.

"तुमच्या मोज्यांची काढा," बायको म्हणाली. "ते फिरतच नाहीत."

जावईबापूंनी या शेऱ्याकडे दुर्लक्ष केलं. थोर शोध लागतो तेव्हा घरच्यांची प्रतिक्रिया नेहमी अशीच असते, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

'जावईबापू' हे नाव त्यांना पडलं ते सासऱ्यांच्या दुकानात. बिजागऱ्या, कड्या, मुठी, कुलपं आणि स्क्रू यांचं ते दुकान. पण दुकान म्हटलेलं सासऱ्यांना खपत नसे. त्यांनी ती रीतसर नोंदवलेली कंपनी केली होती आणि जाताना तिन्ही मुलांना सारखा वाटा देऊन गेले होते. थोरल्या ताई, मधला दादा आणि धाकटी, म्हणजे जावईबापूंची बायको. दादा एका रंगाच्या कारखान्यात विक्री व्यवस्थापक होता. ताईंनी लग्न केलं नाही. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्या काउंटरमागे उभ्या राहिल्या, त्याला एकतीस वर्षं झाली. दरवर्षी हिशेब झाला की नफ्याचे तीन सारखे भाग व्हायचे आणि ताई दोघांच्या घरी स्वतः नेऊन द्यायच्या.

आता शेजारच्या फरशीवाल्याला त्याचं दालन वाढवायचं होतं. त्याने जागेसाठी कागदावर एक आकडा लिहून दिला होता, आणि रविवारपर्यंत उत्तर हवं होतं. तो आकडा बघून दादाने दोनदा चष्मा पुसला.

"ताई आता साठीला आली," दादा म्हणाला. "आणि धंद्यात आहे काय? चार कड्या आणि दोन कोयंडे."

"मला नाही विकायचं," ताई म्हणाल्या. "मी घरी बसून करू काय?"

"हे भावनेनं ठरवायचं नसतं, ताई. आकडे काय म्हणतात ते बघायचं."

'आकडे' हा शब्द कानावर पडताच जावईबापूंनी घसा साफ केला. बायकोने डोळ्यांनी खुणावलं, पण उशीर झाला होता. "मी काढून देतो," ते म्हणाले. "साठ्याचं आणि नफ्याचं गुणोत्तर. निःपक्षपाती. मी ना भाऊ ना बहीण." दादा खूश झाला. ताईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "काढा. तुम्ही सांगाल ते मी मान्य करीन." ताईंचं दुकान राहायचं की जायचं, ते आता जावईबापूंच्या भागाकारावर आलं होतं. घरी येताना त्यांचे पाय हलके पडत होते.

इमारतीत बातमी फुटायला वेळ लागला नाही. समोरच्या दंतवैद्यांनी दारातच निदान केलं. "काढून टाका. पोकळ दात आणि जुनं दुकान, ठेवून फायदा नाही." वरच्या मजल्यावर एक निवृत्त हिशेबतपासनीस राहायचे. त्यांनी जावईबापूंना बसवून घेतलं आणि तीन नियम सांगितले. साठा स्वतः मोजल्याशिवाय एकही आकडा मानायचा नाही. जुने दुकानदार खरेदीची किंमत खोक्यावरच लिहून ठेवतात, ती बघायची. आणि मोजणी चालू असताना मालकाला एक शब्द विचारायचा नाही. "विचारलंत की संपलं. मग तो अहवाल तुमचा नाही, मालकाचा." आयुष्यात चाळीस वर्षं लोकांच्या चुका काढलेल्या त्या माणसापुढे जावईबापूंना नमस्कार करावासा वाटला. चहा घेऊन ते खाली आले.

आधी मागच्या वर्षीचा ताळेबंद हवा होता. कंपनीचा हिशेबनीस मुलीकडे परगावी गेला होता, तेव्हा नोंदणी कचेरीतून नक्कल काढणं आलं. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "आपण संचालक?"

"नाही. जावई."

"जावयाचा रकाना नाही."

मग संचालकांचं पत्र आणलं, तर त्यावर कंपनीचा शिक्का नव्हता. शिक्का आणला, तर तो पुसट उठला. ठळक उठवून आणला, तोवर खिडकी बंद झाली होती आणि आतून डबा उघडल्याचा आवाज येत होता. तिसऱ्या दिवशी बाईंनी नक्कल हातात ठेवली तेव्हा, जावयाचाही एक रकाना असावा अशी सूचना लेखी द्यावी, असा विचार जावईबापूंच्या मनात येऊन गेला. पण त्यालाही अर्ज लागला असता.

ताळेबंद मात्र देखणा होता. विक्री वीस लाख. विकलेल्या मालाची किंमत नऊ लाख. शिल्लक माल सहा लाख. जावईबापूंनी शिल्लक मालाच्या आकड्यावर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं आणि आपल्या कचेरीत शुक्रवार-शनिवारची रजा टाकली.

शुक्रवारी सकाळी ते दुकानात हजर झाले तेव्हा ताई एका गवंड्याला कडी दाखवत होत्या. "मोजा तुम्ही," त्या म्हणाल्या. जावईबापूंनी ओठ घट्ट मिटून मान हलवली. नियम म्हणजे नियम. त्यांनी एकदा मान वर केली आणि ती तशीच वर राहिली. वीस वर्षं ते या दुकानात येत होते, पण काउंटरच्या आत कधी आले नव्हते. तिन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत खोकी होती, आणि मधे चौदा पायऱ्यांची लोखंडी शिडी. पितळ, लोखंड, पोलाद, एका बोटाएवढ्या बिजागरीपासून हातभर लांब अडसरापर्यंत सगळं. त्यांच्या खात्यातला कागदाचा डोंगर त्यांनी पाहिला होता, पण हे सगळं कोणाला तरी, कधी तरी हवं असतं, या विचाराने ते थक्क झाले.

आणि प्रत्येक खोक्यावर सासऱ्यांच्या हातचा लाल आकडा होता. तपासनिसांनी सांगितलं होतं तसाच. जावईबापूंचा ऊर भरून आला.

मोजणी सुरू झाली. पितळी कुलपं, दीडशे नग, खोक्यावर आकडा एक. म्हणजे एकूण दीडशे. मोठ्या बिजागऱ्या, आकडा दोन. मुठी, आकडा सात. मग शिडी चढून अगदी वरती, स्क्रूंची खोकी. हजाराचं एक खोकं, अशी पाचशे. आणि आकडा चौदा. जावईबापूंचा हात थबकला. कुलूप एकला आणि स्क्रू चौदाला? खाली जाऊन ताईंना विचारावं असं फार वाटलं. पण नियम आड आला. शिवाय त्यांना वाटलं, धंद्यातली गुपितं आपल्याला काय कळणार? असेल काही खास पोलादाचा. इतके छोटे असून इतके महाग, तरीच इतक्या वर ठेवलेत, लोकांचा हात पोचू नये म्हणून. हा खुलासा त्यांना इतका पटला की त्यांनी एक स्क्रू उचलून उजेडात धरला आणि आदराने परत ठेवला.

दरम्यान खाली गिऱ्हाईक यायचं. ताई शिडीजवळ येऊन म्हणायच्या, "जावईबापू, जरा बाजूला होता?" मग त्या दोन खोक्यांना हात न लावता नेमकं तिसरं काढायच्या. एका सुताराने खिशातून मोडक्या बिजागरीचा अर्धा पत्रा काढला. ताईंनी तो बोटांनी चाचपला आणि आत जाऊन त्याची जोडी आणली. "ही आता बनत नाही," त्या म्हणाल्या, "एकच उरलीये. जपून बसवा." किमतीचा आकडा ऐकून सुताराने हूं की चूं केलं नाही, उलट आभार मानले. जावईबापूंनी वरून हे सगळं पाहिलं आणि मोजणी चुकली म्हणून पहिल्यापासून सुरू केली.

शनिवारी संध्याकाळी बेरीज झाली. साठा नव्वद लाख. ताळेबंदात सहा लाख.

जावईबापूंना घाम फुटला. नऊ लाखांना नव्वद लाखांनी भागलं. शून्य दशांश एक. म्हणजे आज दुकानात आलेली कडी दहा वर्षांनी बाहेर पडते! सरांची बुडालेली कंपनी यापेक्षा धावती होती. आणि वरचे चौऱ्याऐंशी लाख ताळेबंदात नाहीतच. घरी येऊन त्यांनी बायकोला हळूच सांगितलं. तिने पंख्याचा आवाज असूनही खिडकी लावून घेतली.

"ताईने चौऱ्याऐंशी लाख लपवले?"

"लपवले असं मी म्हणत नाही. आकडे म्हणतात."

"अहो, ती दोन साड्या आलटून पालटून नेसते!"

याला गुणोत्तरात उत्तर नव्हतं. पण आकडा समोर होता, आणि आकड्यासमोर जावईबापू स्वतःला फार छोटे समजत. त्यांनी अहवाल सुवाच्य अक्षरात उतरवून काढला.

रविवारी सकाळी सगळे दुकानात जमले. ताईंनी चहा आणला, दादाने फरशीवाल्याचा कागद काउंटरवर पसरला. जावईबापू उभे राहिले आणि त्यांनी अहवाल वाचला. उलाढाल शून्य दशांश एक, हे ऐकून दादाने "बघ!" म्हटलं. नव्वद लाख, हे ऐकून दादाने पुन्हा चष्मा पुसला. ताईंनी कप खाली ठेवला.

"नव्वद लाख कसले?"

"मुख्यतः स्क्रू," जावईबापू म्हणाले. "चौदाचा एक, असे पाच लाख."

"स्क्रू चौदाचा? कोणी सांगितलं?"

"सासरेबुवांनी. म्हणजे, त्यांच्या हातचा आकडा आहे खोक्यावर."

ताईंनी आधी दादाकडे पाहिलं, मग बहिणीकडे, आणि मग अगदी हळुवारपणे, लहान मुलाला सांगावं तशा म्हणाल्या, "अहो जावईबापू, ती शिडीची पायरी आहे. कितव्या पायरीवर उभं राहिलं की हात पोचतो, ते बाबांनी लिहून ठेवलंय. जड माल खाली, हलका वर. जा, चौदावीवर उभे राहा नि बघा."

जावईबापू खरोखरच चढले. का चढले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. चौदाव्या पायरीवर हात लांब केला आणि तो बरोबर स्क्रूंच्या खोक्यावर पडला. खाली दादा इतका हसला की फरशीवाल्याच्या कागदावर चहा सांडला. बायको हसली नाही, पण तिचे खांदे हलत होते. तिथून खाली यायला चौदा पायऱ्या होत्या, आणि त्या दिवशी त्या जास्त वाटल्या.

"म्हणजे सहा लाखच," दादा डोळे पुसत म्हणाला. "मग भागा पुन्हा."

जावईबापूंनी मुकाट्याने भागलं. नऊला सहाने. दीड. माल वर्षातून दीड वेळा फिरतो, म्हणजे कडी आठ महिने थांबते. "तरी मंदच," दादा म्हणाला. पण जावईबापूंचा हात आता सुटला होता. वीसमधून नऊ गेले, ढोबळ नफा अकरा लाख. शंभराला पंचावन्न. त्यांना तो सुतार आठवला. जी वस्तू आणखी कुठेच मिळत नाही ती आठ महिने थांबली तरी स्वतःचं मोल घेऊन जाते, हे त्यांना इतकं लख्ख दिसलं की सरांना फोन करावासा वाटला. मग वीज, कर, वाहतूक असे सहा लाख वजा केले. निव्वळ नफा पाच लाख. शंभराला पंचवीस.

"पंचवीस?" दादा उठून उभा राहिला. "आमच्या कारखान्यात सात पडले की पेढ्यांऐवजी भाषणं वाटतात! ताई, तू पंचवीस काढतेस?"

"मला काय माहीत," ताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मी आपली विकते."

सगळे खोक्यांच्या भिंतींकडे नव्याने बघू लागले. जावईबापूंनाही आनंद व्हायला हवा होता. पण तपासनिसांनी जिन्यात ओरडून एक चौथा नियम सांगितला होता: फार सुंदर आकडा दिसला की आधी घाबरायचं. ते खर्चाची यादी पुन्हा वाचू लागले. एकदा खालून वर, एकदा वरून खाली.

"ताई, तुमचा पगार कुठे लिहिलाय?"

"माझा कसला पगार? घरचंच आहे. महिन्याला लागतात तेवढे थोडे घेते. हिशेबनीस लिहितात कुठेतरी."

त्यांनी लिहिलं होतं. यादीच्या तळाशी, किरकोळ खर्चात. 'झाडू, दिवे, सुतळी, ताई.' जावईबापूंनी ते मोठ्याने वाचलं आणि वाचून झाल्यावर त्यांना वाटलं की वाचायला नको होतं.

"दादा," त्यांनी विचारलं, "हे काम करायला बाहेरचा माणूस ठेवला तर काय द्याल?"

दादा नोकरदार माणूस, त्याला दर पाठ होते. "हे सगळं पाठ असलेला? पस्तीस हजार. त्याच्या खाली टिकणार नाही."

बारा महिन्यांचे चार लाख वीस हजार. ताईंचे सुतळीतले पैसे इतके थोडे होते की ते हिशेबात धरलेच नाहीत. जावईबापूंनी पाच लाखांतून ते वजा केले. उरले ऐंशी हजार. शंभराला चार.

"हे बघा!" दादा सवयीने बोलून गेला. "चार टक्के! म्हणजे धंद्यात काही नाहीच. म्हणत होतो ना मी!"

ताईंनी तो कागद स्वतःकडे ओढला. त्यांनी दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं, आधी पंचवीसवर, मग चारवर, आणि मधल्या जागेवरून बोट दोनदा फिरवलं.

"म्हणजे मधले एकवीस ते मी," त्या म्हणाल्या.

मग बोट तिथेच ठेवून म्हणाल्या, "आणि ते मी दरवर्षी तिघांत वाटले. तुमच्याकडे रिक्षाने आणून दिले."

जावईबापूंना एकदम घरातला फ्रिज आठवला, मुलाच्या शिकवणीची फी आठवली, डोळ्यांवरचा चष्मा आणि वाचनालयातल्या वर्गाचे पैसेसुद्धा. त्यांना मनापासून लाज वाटली. आणि लाजेपेक्षा मोठं दुसरं काहीतरी वाटत होतं. हे सगळं त्या कागदात एवढी वर्षं होतं, कोणीही भागलं नव्हतं, आणि सांभाळणारी बाई त्याच्या शेजारी उभी राहून कड्या विकत होती. उभा राहिलेला दादा पुन्हा खाली बसला. त्याने फरशीवाल्याच्या कागदाची आधी एक घडी घातली, मग आणखी एक.

"ताई, मला नाही माहीत..." तो म्हणाला.

"मलाही नव्हतं," ताई म्हणाल्या. "कोणीच विचारलं नव्हतं."

"आता काय करायचं ते तू सांग," जावईबापूंची बायको म्हणाली. "तू म्हणशील तिथे मी सही करते. काय रे दादा?"

दादाने मान हलवली. ताई विचार करू लागल्या. एखादं अवघड गिऱ्हाईक आलं की त्या अशाच वर बघायच्या.

"विकायचं नाही. माझा पगार यादीत वर लिहायचा, सुतळीत नाही," त्या म्हणाल्या. "आणि बुधवारी बंद."

"कुठल्या बुधवारी?"

"दर बुधवारी."

बुधवारी जावईबापू कचेरीतून येताना वाट वाकडी करून दुकानावरून गेले. शटर खाली होतं आणि त्यावर ताईंच्या अक्षरात कागद होता. समोर एक सुतार हातात मोडकी मूठ घेऊन तो कागद वाचत उभा होता.

"कोणी गेलं का हो?" त्याने घाबरून विचारलं.

"नाही. सुट्टी आहे."

"बाईंना?" सुताराचा विश्वास बसेना. त्याने कागद पुन्हा वाचला. मग दोघेही थोडा वेळ त्या शटरकडे बघत उभे राहिले.

घरी आल्यावर जावईबापूंनी चपला काढता काढता विचारलं, "ताई कुठे आहेत आज?"

"दुकानासमोरून ती बस जाते ना," बायको म्हणाली, "तिच्यात बसून गेली. एकतीस वर्षं समोरून जाताना बघितली म्हणे, ही जाते तरी कुठे ते बघू. शेवटच्या थांब्यावरून फोन केला होता दुपारी."

"मग? काय आहे तिथे?"

"काही नाही म्हणाली. नुसतं मोठं मैदान आहे. अजून तासभर बसते म्हणाली."